आमची वाटचाल: बायोगॅसच्या टाकीपासून आतड्यापर्यंत

भोसरीच्या गाळ्यात आम्ही दोघी मैत्रिणींनी सेकंड हँड जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफ, मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) बसवला, तो साखर कारखान्यांच्या भरवशावर. स्पेंट वॉशच्या, म्हणजे मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याच्या, डायजेस्टरमध्ये (बायोगॅसच्या टाकीत) फॅटी ॲसिडं साचली की मिथेन करणारे जिवाणू मान टाकतात, म्हणून नमुने नेमाने यायचे. एक दिवस पोटविकारांवर संशोधन करणाऱ्या एका डॉक्टरांनी विचारलं, "हीच ॲसिडं माणसाच्या मोठ्या आतड्यातही तयार होतात. शौचाच्या नमुन्यांत मोजून द्याल?"

ॲसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक. न पचलेले तंतू जिवाणूंनी आंबवले की ही बनतात, ढोबळमानाने ६०:२०:२० या प्रमाणात. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींची बरीचशी ऊर्जा ब्युटिरिकमधूनच येते. आम्हाला वाटलं, ॲसिडं तीच, कॉलम (ॲसिडं वेगळी करणारी यंत्रातली नळी) तोच, अवघड काय?

पहिल्याच आठवड्यात नुसतं पाणी सोडलं, तरी आलेखावर ॲसिटिकचा पीक, म्हणजे उंचवटा, उभा! आधीच्या नमुन्यातलं ॲसिड लायनरला (नमुना यंत्रात शिरतो तिथल्या काचेच्या नळीला) चिकटून राहत होतं. मग दोन नमुन्यांच्या मध्ये फॉर्मिक ॲसिडचं पाणी सोडू लागलो. ते चिकटलेलं धुऊन काढतं आणि आमच्या ज्वालेच्या डिटेक्टरला स्वतः जवळजवळ दिसतच नाही. तो आलेखाची बेसलाइन (तळरेषा) सरळ झाल्याचा दिवस अजून आठवतो.

खरा धडा मात्र वाहतुकीने दिला. एका खेपेला ड्राय आइस संपून डबा कोमट झाला. डबीतले जिवाणू वाटभर आंबवतच राहिले होते आणि आकडे अवाच्या सवा चढले. ती सगळी बॅच आम्ही बिल न लावता रद्द केली. तेव्हापासून नमुना कधी गोठवला ती वेळ लिहिलेली नसेल, तर आम्ही डबी उघडत नाही.

पुढे एका कंपनीला आमच्या आकड्यांवरून ग्राहकांना 'आतड्याचे गुण' द्यायचे होते. काम मोठं होतं, हप्ते डोक्यावर होते, तरी आम्ही नाही म्हणालो. तयार झालेल्या ॲसिडांपैकी ९५ टक्क्यांच्या आसपास आतडंच शोषून घेतं. शौचात उतरतो तो उरलेला अंश. तो वाढला तो उत्पादन वाढल्यामुळे की शोषण घटल्यामुळे, हे एकटा आकडा सांगत नाही. एकाच माणसाचे आहार बदलण्याआधीचे आणि नंतरचे नमुने शेजारी ठेवले, तर त्याला काही अर्थ येतो.

हे वाक्य आता आमच्या प्रत्येक रिपोर्टवर, आकड्यांच्या वरच, ठळक अक्षरात असतं.