साठच्या वेगाला काळी दोन

पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं, मागच्या सीटवर कुणाचा तरी फोन वाजतोय. मागे कुणीच नव्हतं. काटा ६० वर, रस्ता सरळ, आणि गाडीच्या पोटातून एक बारीक, लांबट, एकसुरी कूंऽऽई. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की बंद, ठेवला की सुरू. दहा मिनिटं मी पाय काढत-ठेवत गेलो. शेवटी शेजारून बायकोने विचारलं, "गाडी नव्याने शिकतोयस का?"

जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह बाळगणाऱ्याला आवाजांचं वावडं असून चालत नाही. माझ्या गाडीचं मागचं दार खड्डा दिसायच्या आधीच बोलायला लागतं. गिअरचा दांडा तिसऱ्यात थरथरतो, चौथ्यात गप्प होतो. डॅशबोर्डच्या आत कुठेतरी एक स्क्रू गेली कित्येक वर्षं इकडून तिकडे फिरतो आहे. हे सगळे घरचे. घरच्यांचं आपण ऐकत नाहीच. पाहुणा आवाज आला की मात्र कान टवकारतात.

आवाज ऐकल्यावर पहिली अडचण येते ती सांगण्याची. "आवाज येतोय" म्हटलं की मेकॅनिक विचारतो, "कसला?" आणि मग चारचौघांत तोंडाने गाडी वाजवून दाखवावी लागते. आपलं एक बरं आहे, भाषेनेच अर्धं निदान करून ठेवलंय. खडखड म्हणजे काहीतरी सुटलंय. घरघर म्हणजे चाकाचं बेअरिंग. निघताना एकदाच ठक् झालं तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कटकट आली तर पुढच्या अ‍ॅक्सलचा जॉइंट. कुरकुर रबरी बुशांची, किरकिर ब्रेकची, भोवऱ्यासारखी घूंऽऽ बहुतेक टायरची. पण कूंऽऽई? त्याला कण्हणं म्हणावं तर फार सुरेल, शीळ म्हणावी तर फार दुःखी. आमचे वस्ताद त्याला 'रडणं' म्हणतात. मी फोनवर तो आवाज काढून दाखवला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "कोण रडतंय ते आधी शोधा, मग आणा."

शोधायचं म्हणजे फिरणारं प्रत्येक अंग संशयित. साध्या गाडीत ही यादी आटोपशीर असते. फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढे-मागे वाटून देणारी पेटी), तिथून एक शाफ्ट पुढे आणि एक मागे, दोन्ही टोकांना ती ताकद डाव्या-उजव्या चाकांना देणारा एकेक डिफरन्शियल, पुढे चाकं अ‍ॅक्सलपासून सोडवता येणारे फ्री-व्हील हब. म्हणजे संशयित जवळजवळ दुप्पट. त्यातून मी एकाला सुरुवातीलाच वगळलं. मागचा डिफरन्शियल. गेल्या वर्षी तिथून तेल झिरपत होतं, तेव्हा पिनियनचं, म्हणजे शाफ्ट ज्याला फिरवतो त्या आतल्या छोट्या दातेरी चाकाचं, सील मी स्वतःच्या हाताने बदललं होतं. बायकोने टॉर्च धरला होता. नव्या सीलमधून त्यानंतर एक थेंबही गळला नव्हता. जिथे आपला हात लागला आहे तिथे बिघाड कसा असेल, असा माझा साधा हिशेब.

बाकीच्यांची चौकशी सुरू झाली. गाडी उभी करून इंजिन चढवलं, आवाज नाही. म्हणजे बेल्ट, अल्टरनेटर, स्टिअरिंगचा पंप सुटले. डांबरावरून काँक्रीटवर गेलो, सूर तोच राहिला. टायर असता तर रस्ता बदलताच आवाजाचा पोत बदलला असता. तरीही मनाचं समाधान म्हणून मी पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे केले आणि एक सुट्टी घालवली. मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच डावी-उजवी झुलवली. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जातं. तिथलं बेअरिंग खराब असेल तर ते तेव्हाच जास्त घरघरतं. काही नाही. बायको मात्र म्हणाली, "आता बास, मला मळमळतंय."

मग ६० चा वेग कायम ठेवून तिसरा, चौथा, पाचवा असे गिअर बदलत गेलो. इंजिनाचा सूर खाली उतरत गेला. कूंऽऽई जागची हलली नाही. ही मला सगळ्यात आवडलेली चाचणी, कारण तिला ना जॅक लागतो ना पाना. आवाज इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेला नव्हता, चाकांच्या फेऱ्यांशी होता. इंजिनापासून गिअरबॉक्सपर्यंतचं सगळं निर्दोष सुटलं.

पुढचा अ‍ॅक्सल वगळायला तर खाली वाकणंही पुरलं. दोन्ही हब मोकळे केले की चाकं आपली आपण फिरतात. आतले अ‍ॅक्सल, डिफरन्शियल आणि पुढचा शाफ्ट जागेवर स्वस्थ. तसंच चालवून पाहिलं. आवाज होताच. म्हणजे पुढे कुणी रडत नव्हतं.

आता राहिली ट्रान्सफर केस. आणि माझे कान शपथेवर सांगत होते की आवाज तिथूनच येतोय, दोन सीटांच्या मधून, दांड्याच्या बुडातून. मी तिचं तेल बदललं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर काजळासारखा करडा लेप निघाला. तो निघतोच, जुन्या गाडीत तो नसता तर मी जास्त घाबरलो असतो. नवं तेल घातलं आणि निघालो. ६० ला कूंऽऽई.

यानंतरचा उद्योग जरा हास्यास्पद होता. लेनेक नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८१६ साली कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि त्यातून पुढे स्टेथोस्कोप झाला, हे मी कधीतरी वाचलं होतं. गाडीच्या डॉक्टरांकडे कागदाऐवजी लांब स्क्रू ड्रायव्हर असतो. टोक लोखंडाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला. मागचा अ‍ॅक्सल भक्कम स्टँडवर घेतला, पुढच्या चाकांना ओंडके लावले, बायकोने गाडी गिअरमध्ये चालवली. मी बाहेरूनच हात लांब करून एकेक ठिकाण ऐकलं. सगळीकडे शांत, मऊ, खानदानी गुरगुर. दवाखान्याची पायरी चढताच ताप उतरतो, त्यातला प्रकार. कारणही साधं होतं. स्टँडवर चाकं हवेत फिरतात, गाडी ओढण्याचं ओझं गिअरच्या दातांवर येतच नाही. आणि हा आवाज ओझ्याखालीच रडणाऱ्याचा होता.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की इतके दिवस मी कानाने जे शोधत होतो ते पायाने शोधायचं होतं. कान 'कुठून' एवढंच सांगतो, आणि तेही खोटं सांगतो. चासिसचे दोन लांब लोखंडी पट्टे मागचा आवाज पुढे आणून सीटखाली सोडतात. पाय मात्र 'केव्हा' ते सांगतो. ओढताना रडतंय, सोडताना थांबतंय. दाताला दोन बाजू असतात. गाडी ओढताना एक बाजू भिडते, पाय उचलल्यावर चाकंच इंजिनाला फिरवायला लागतात आणि दुसरी भिडते. तक्रार फक्त एका बाजूची होती. हे मला पहिल्या दहा मिनिटांतच कळलं होतं आणि ते मी इतके दिवस बाजूला ठेवलं होतं.

उरलेली शंका फोनने मिटवली. कंपनसंख्या दाखवणारं एक अ‍ॅप असतं, ते बायकोच्या हातात दिलं. ६० ला सूर लागला तो ३११ हर्ट्झच्या आसपास. पेटीवर ही जवळजवळ नेमकी काळी दोन. घरी येऊन कागदावर हिशेब मांडला. ६० किलोमीटरचा वेग म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. माझ्या टायरची एक फेरी साधारण २.२ मीटरची, म्हणजे सेकंदाला सुमारे साडेसात फेऱ्या. डिफरन्शियलमध्ये पिनियन ज्या मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं तो क्राउन, तो चाकांच्याच वेगाने फिरतो. मॅन्युअलप्रमाणे क्राउनला दात ४१. नीट गुणलं तर ३११. पुढच्या डिफरन्शियललाही ४१ च दात, कारण चारही चाकं जोडल्यावर दोन्हीकडचं गुणोत्तर जुळावंच लागतं. पण हब मोकळे असताना तो झोपलेला होता. ट्रान्सफर केसचे दात याहून कितीतरी जलद भिडतात, तिचा सूर वरच्या सप्तकात गेला असता. उरला एकच. ज्याला मी सन्मानाने वगळलं होतं तो.

त्या कागदाच्या कोपऱ्यात मी आणखी एक हिशेब केला, ज्याचा दुरुस्तीशी काही संबंध नव्हता. क्राउनला ४१ दात आणि पिनियनला १०. दोन्ही आकड्यांना सामायिक भाजक नाही, म्हणून पिनियनचा प्रत्येक दात क्राउनच्या प्रत्येक दाताला भेटतो, एकही जोडी सुटत नाही. एकूण ४१० जोड्या. तीच जोडी पुन्हा भेटते ती चाकाच्या दहा फेऱ्यांनंतर, म्हणजे २२ मीटर रस्ता गेल्यावर. झीज सगळ्यांत सारखी वाटली जावी म्हणून हे मुद्दाम असं करतात. बरं, हे दात नुसते भिडत नाहीत, घसरतातही. पिनियन क्राउनच्या मध्यापेक्षा खाली बसवलेलं असतं. १९२६ च्या सुमारास पॅकार्डने ही हायपॉइड रचना गाड्यांत आणली, त्यामुळे शाफ्ट खाली गेला आणि गाडीची बैठकही. घसरत भिडणाऱ्या या दातांना साधं तेल पुरत नाही. त्यांच्या तेलात गंधकाची संयुगं असतात, आणि अंगाला लागलं की तीन वेळा साबण लावूनही घरात कुणी जवळ बसत नाही.

गाडी वस्तादांकडे नेली. त्यांनी शाफ्ट सोडला, पिनियनचा फ्लँज, म्हणजे शाफ्ट जिथे जोडतात ती तबकडी, दोन्ही हातांनी धरला आणि वर-खाली हलवला. हलायला नको होता. हलला. "प्ले आहे, ढिलं पडलंय," म्हणाले आणि ड्रेन प्लग काढला. तेलात चांदीचा वर्ख खलावा तशी चमक. पुढचं पिनियन बेअरिंग निघालं तेव्हा त्याचे रोलर खवले पडल्यासारखे झाले होते. बेअरिंग ढिलं, म्हणून ओझं आलं की पिनियन जागचं सरकायचं, दात भलत्याच जागी भिडायचे आणि गाडी काळी दोन धरायची. क्राउन-पिनियनची जोडी वाचली होती. ते एक नशीब, कारण ती जोडी कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली असते. एक गेलं की दुसरंही बदलावं लागतं.

वस्तादांनी नवी बेअरिंगं बसवली, शिमा, म्हणजे जागा जुळवायच्या पातळ चकत्या, लावून पाहिल्या, दातांना रंग फासून क्राउन फिरवला आणि ठसा दाताच्या मध्यावर उमटतोय का ते तीन-तीनदा पाहिलं. मी चहाटळासारखा प्रत्येक ठसा वाकून बघत होतो. फिरवून आणल्यावर ६० ला नुसता वारा ऐकू आला. ५० च्या आसपास पाय उचलताना अगदी पुसट काहीतरी गुणगुणतं. वस्ताद म्हणाले, दातांना वाकडी सवय लागली होती, तेवढं राहू दे.

हात पुसताना त्यांनी बाकावरून एक चपटलेली नळी उचलून माझ्यासमोर धरली. दोन पिनियन बेअरिंगांच्या मध्ये असते ती. नट आवळला की ती ठरावीक इतकीच चेपायची असते, आणि एकदा जास्त चेपली की परत फुगत नाही. सील बदलताना नटाची मूळ जागा खूण करून ठेवायची आणि आवळताना बरोबर त्याच खुणेवर थांबायचं. कुणीतरी थांबलं नव्हतं. चांगला लांब पाइप घालून, दम लावून आवळला होता. बेअरिंग आधी नको इतकं घट्ट झालं, तापलं, झिजलं आणि मग ढिलं पडलं.

"साहेब, हा नट कुणी आवळला होता?"

"आधीच्या मालकाने असेल," मी म्हणालो.

बायको पलीकडे उभी होती. गेल्या वर्षी टॉर्च तिनेच धरला होता, आणि पाइपही तिनेच आणून दिला होता. तिने माझ्याकडे बघितलं, मग नळीकडे बघितलं, आणि गाडीची चावी मागायला हात पुढे केला.