आधी नाक, मग शेपटी

आज दार उघडलं आणि कुणी धावत आलं नाही.

मोती कोपऱ्यात गाढ झोपलेला. दोनदा हाक मारली. कानसुद्धा हलला नाही. १४ वर्षांचा झालाय तो, काळजात धस्सच झालं. जवळ जाऊन बघितलं, पोट संथ वरखाली होत होतं.

मग नुसता हात त्याच्या नाकाजवळ धरला. आधी नाकपुड्या थरथरल्या. मग शेपटी जमिनीवर आपटली, एकदाच, थप्प. डोळे सगळ्यात शेवटी उघडले. म्हणजे मला न बघताच लेकरू खूश झालं होतं!

माणसाला २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला साधारण ४५,०००पर्यंत. जिन्यातली माझी पावलं ओळखून हा दाराशी उभा असायचा. ते कान आता थकले. नाक मात्र अजून शाबूत आहे.

शेजारच्या काकू परवा म्हणाल्या होत्या, "आता त्याला काय कळतंय गं?" तेव्हा मला काही बोलता आलं नव्हतं. आज त्यांना सांगावंसं वाटलं, काकू, त्याला मी कळते.

उद्यापासून आल्या आल्या हाक नाही मारणार, आधी हात पुढे करणार. तुमच्याकडे आहे का असं एखादं म्हातारं पिल्लू? तुम्ही त्याला कसं उठवता?