सावजी घरात खाल्लेलं माझं पहिलं मटण

माझ्या माहेरी चातुर्मासात कांदा-लसूणही बंद असतो. सासर मात्र नागपूरच्या गोळीबार चौकाजवळचं, हलबा कोष्ट्यांचं. ज्या विणकरांच्या चुलीवरून सावजी मसाला नागपूरभर पसरला, त्यांच्यातलंच एक घर. कॉलेजात असताना मी चिकन खायला लागले होते, पण बोकडाच्या मटणाला कधी हात लावला नव्हता. चिकन बोनलेस मागवलं की हाडाकडे बघावंच लागत नाही. मटणात नळी, चरबी, पडदा सगळं डोळ्यांसमोर येतं. शिवाय त्याच्या वासाबद्दल इतकं ऐकलं होतं की न खाताच धास्ती बसली होती.

लग्नानंतर कुणी आग्रह केला नाही. सासूबाईंनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, "तुले खाच लागते असं काही नाही बेटा. मनात येईन तवा सांगजो." पण रविवारी सगळे एका पातेल्यातलं वाढून घेतात आणि आपण वेगळी वाटी घेऊन बसतो, हे मलाच खटकायला लागलं. त्यात मला स्वयंपाकाची मनापासून आवड. ज्या घरात मसाला भाजला की गल्लीच्या टोकापर्यंत कळतं, त्या घरात राहून तो कसा लागतो हे माहीत नसावं, हे काही पटेना. एकदा आईंना, म्हणजे सासूबाईंना, म्हटलं, मी खाईन, पण आधी खरेदीपासून शिजवण्यापर्यंत सगळं बघेन. त्या म्हणाल्या, "मग करीलेच कर सुरुवात."

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कर असते. सकाळी काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, दुपारी पोरं लाकडी नंदी घेऊन तान्हा पोळा करतात, आणि श्रावण पाळलेल्या घरांत त्या दिवशी मटण शिजतं. त्यामुळे खाटकाकडे पहाटेपासून रांग. आम्ही उजाडायच्या आत पोचलो.

तिथे आईंनी जे शिकवलं ते कुठल्या पाककृतीत वाचायला मिळालं नसतं. लटकवलेल्या धडांपैकी मोठं निवडायचं नाही. आठ-दहा किलोचं धड म्हणजे कोवळा बोकड. मांस गुलाबीकडे झुकणारं लाल आणि चरबी पांढरी हवी. मांस काळपट आणि चरबी पिवळसर दिसली की जनावर वयाचं आहे असं धरायचं. बोकडच आहे हे गिऱ्हाइकाला कळावं म्हणून खाटीक धडावर नराची खूण राखून ठेवतात, तीही बघायची. मग कुठला भाग घ्यायचा हा प्रश्न. मी साहजिकच म्हटलं, पुट्ठ्याचं, म्हणजे मागच्या मांडीचं घेऊ, त्यात नुसतं मांस असतं. आईंनी मान हलवली. नुसत्या पुट्ठ्याचा रस्सा पाणचट होतो. त्यांनी सीना म्हणजे छाती, चाप म्हणजे बरगड्या, थोडी गर्दन, थोडा पुट्ठा आणि दोन नळ्या असं दीड किलो मिक्स घेतलं. खाटकाने "चरबी टाकू का ताई?" असं विचारल्यावर मूठभर घेतली, कारण बोकडाचं मांस मुळात कमी चरबीचं असतं आणि रश्श्याला थोडा स्निग्धपणा लागतो.

वासाचं उत्तर घरी आल्यावर मिळालं. ताजं मटण एकदोनदा धुतलं, निथळलं, हळद, मीठ आणि आलं-लसणाचं वाटण चोळून ठेवलं. पाण्यात भिजत घालायचं नाही, चव पाण्यात जाते. मी भांड्याजवळ नाक नेऊन बघितलं. लोखंडासारखा किंचित वास होता, बस. ज्या उग्र वासाची मी वर्षानुवर्षं भीती बाळगली, तो शिळ्या मटणाचा किंवा जून बोकडाचा असतो.

जाड बुडाच्या पातेल्यात थोड्या तेलावर कांदा, मग मटण. पाणी अजिबात नाही. मटणाला स्वतःचं पाणी सुटतं, ते आटेपर्यंत परतायचं. वर खोलगट ताट झाकून त्यात पाणी ओतायचं आणि ते तापलं की तेच पातेल्यात सोडायचं. घरात कुकर आहे, एरवी आई तोच लावतात, पण त्या दिवशी म्हणाल्या, "पहिल्यांदा खाऊन राहिली ना, मग काऊन घाई करतं?" मंद आचेवर पावणेदोन तास गेले. मटणाला चिवट बनवतं ते स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या पडद्यांमधलं कोलॅजन. ओल्या, मंद उष्णतेत ते हळूहळू विरघळून जिलेटिन होतं. म्हणूनच हाडाजवळचे, पडद्याचे तुकडे वेळ घेतात आणि शेवटी तेच सगळ्यात मऊ होतात.

तेवढ्या वेळात मसाला. सावजी म्हणजे जाळ, असं नागपूरबाहेरचे लोक समजतात आणि दुर्दैवाने काही भोजनालयंही तसंच वाढतात. आमच्या पाट्याजवळ मात्र मिरची शेवटी आली. आधी धने, मग खसखस, शहाजिरे, मिरे, लवंग, दालचिनी, तमालपत्र, मोठी वेलची, जायपत्री आणि दगडफूल, प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर. दगडफूल कढईत पडल्याबरोबर चुरचुरतं आणि पावसात भिजलेल्या लाकडासारखा वास सुटतो. सावजीचा तो गडद, मातकट वास बराचसा त्याचाच. सुकं खोबरं पार तपकिरी होईपर्यंत भाजलं. रस्सा दाट व्हायला मूठभर ज्वारी भाजून वाटणात घातली. टोमॅटो नाही, काजू नाही, दही नाही. मिरची आपल्याच जिल्ह्यातली, भिवापूरची. तिला भौगोलिक मानांकन आहे. तिचा लाल रंग तेलात उतरताना बघायला मला फार आवडतं. पूर्वी हे सगळं जवसाच्या तेलात व्हायचं. आता आम्ही शेंगदाण्याचं वापरतो, पण आजेसासूबाई अजून जवसाच्या तेलाच्या तर्रीची आठवण काढतात.

मसाला पडायच्या आधी आईंनी पातेल्यातलं अळणी पाणी वाटीत काढलं आणि त्यात नळी घालून माझ्यापुढे ठेवली. घरातल्या लहान मुलांना हेच आधी देतात. हळद, मीठ, आलं-लसूण आणि बोकड, बाकी काही नाही. पहिल्या घोटाला चव लागली ती गोडसर. ही अपेक्षा मला नव्हती. मग ओठ एकमेकांना किंचित चिकटले, तेच जिलेटिन. नळी ताटावर आपटून आतला मगज कसा काढायचा हे नवऱ्याने दाखवलं. तो मऊ, लोण्यासारखा तुकडा जिभेवर ठेवला आणि माझी भीती संपली. चिकन मला यापुढे जरा सपकच लागेल, हेही तेव्हाच कळलं.

पहिल्यांदा मटण खाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते. सुरुवात झणझणीत थाळीने करू नका. आधी अळणी प्या. मटणाची मूळ चव जिभेला कळली की मग मसाला त्या चवीला कसा उचलून धरतो ते समजतं. थेट तर्रीवर गेलात तर डोळ्यांत पाणी येईल आणि मटण कसं होतं ते कळणारच नाही.

पुढचं भराभर झालं. वाटण तेल सुटेपर्यंत परतलं, मटण त्यात गेलं, अर्धा तास उकळलं. वर बोटभर तर्री आली. ज्वारीची भाकरी, कांदा, लिंबू. मी आधी सीन्याचा तुकडा घेतला. हाडावरून मांस बोटाने सुटत होतं आणि हाडालगतचा पातळ पडदा सगळ्यात चविष्ट लागला. तिखट होतंच, कपाळ घामाने ओलं झालं, पण तिखटामागून लवंग, दगडफूल, भाजलेलं खोबरं वेगवेगळं ओळखू येत होतं. पुट्ठ्याचा तुकडा मला त्यामानाने कोरडा वाटला. त्यानंतर मी कधी नुसतं पुट्ठ्याचं आणलेलं नाही.

माहेरी हे सांगताना मनावर ओझं होतं. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग "पोटाला त्रास नाही ना झाला?" एवढंच विचारलं. तिच्या स्वयंपाकघराचा नियम मी आजही पाळते.

आता खरेदीला मी एकटी जाते आणि खाटकाला भाग नावाने सांगते. पुढचा बेत खुरांचा आहे. ते जाळावर भाजून, केस नीट खरवडून द्यायला आधीच सांगावं लागतं, आणि शिजायला मटणापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. आईंनी थंडीचा मुहूर्त दिलाय.