एका सहीसाठी साडेपाच महिने

एका प्रस्तावित खाणीसाठी माळावर केलेल्या सर्वेक्षणाला अठरा दिवस लागले. त्यात सापडलेल्या प्राण्यांच्या यादीवर सही मिळायला साडेपाच महिने. हे लिहितानाही डोकं तापतंय, तेव्हा क्रम मागेपुढे झाला तर सांभाळून घ्या.

मी वन्यजीव अभ्यासक. खाणी, रस्ते, कारखाने यांच्या ईआयए (पर्यावरणीय आघात मूल्यांकन) अहवालात जैवविविधतेचा भाग माझ्याकडे असतो. नॅबेटची (सल्लागारांना मान्यता देणारी संस्था) मान्यता, टीओआर (अभ्यासात काय काय हवं हे ठरवणारी कार्यकक्षा), जागेची पाहणी हे सगळं या वेळी सुरळीत झालं, त्यामुळे त्यावर शब्द घालवत नाही. पण खाणीच्या टीओआरमध्ये एक ठरलेलं कलम असतं. खाणपट्टा आणि भोवतालचा पट्टा (बफर) या दोन्हींमधल्या वनस्पती-प्राण्यांची वेगवेगळी यादी द्यायची, प्रत्येकापुढे वन्यजीव कायद्यातली अनुसूची (संरक्षणाच्या दर्जानुसार केलेली यादी) लिहायची आणि यादी प्रमाणित करून घ्यायची. अनुसूची १ मधला, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाचा, प्राणी निघाला तर वन विभागाशी सल्लामसलत करून खर्चासकट संवर्धन आराखडाही करायचा. यादी प्रमाणित कुणी करायची? व्यवहारात वन विभागाने. इथेच गाडी रुतली.

तिसऱ्या दिवशी पहाटे ओढ्याच्या कपारीशी खडूसारखी पांढरी विष्ठा दिसली. तरस हाडं फोडून खातं, त्या कॅल्शियममुळे त्याची विष्ठा वाळली की अशी पांढरी पडते. शेजारच्या धुळीत ठसे होते, पुढचा पंजा मोठा, मागचा लहान. त्याच्या पुढच्या रात्री कॅमेरा ट्रॅपमध्ये (हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) तरससाहेब स्वतःच आले: अंगावर पट्टे, खांदे उंच, मागचा भाग उतरता. लांडगा, खोकड, चिंकारा हे आधीच नोंदले होते. तरस धरून यादी पूर्ण झाली आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी ती वन विभागाच्या कार्यालयात तीन प्रतींत दिली.

(पोच घ्या. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली. मी पहिल्यांदा घेतली नाही आणि तीन आठवड्यांनी “तुमचा अर्ज आलाच नाही” हे ऐकलं.)

दुसऱ्यांदा दिली तेव्हा बाबूंनी यादी बोटाने वरून खाली वाचली आणि बोट तरसावर थांबलं.

“मॅडम, तरस आमच्या हद्दीत नाही.”

“फोटो जोडलाय, सर. तारीख, वेळ, जीपीएस सगळं आहे.”

“कार्य आयोजनेच्या यादीत नाही ना. आणि अनुसूची पण चुकलीय. तरस तिसरीत येतं.”

(कार्य आयोजना म्हणजे वन विभागाचा व्यवस्थापन आराखडा.) टेबलावर कायद्याचं जुनं पुस्तक होतं, कोपरे दुमडलेलं. २०२२ च्या दुरुस्तीने सहाच्या चार अनुसूची झाल्या, त्या १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि तरस तिसरीतून पहिलीत गेलं, हे मी शक्य तितक्या गोड आवाजात सांगितलं. नव्या तिसरीत वनस्पती आहेत. म्हणजे त्यांच्या हिशेबाने तरस हे झाड झालं. हे मात्र मनातच ठेवलं. “लेखी द्या,” ते म्हणाले. लेखी दिलं. महिन्याभराने यादी परत आली, शेरा एका ओळीचा: ‘अनुसूची तपासून फेरसादर करावे.’

मग मे उजाडला. बुद्धपौर्णिमेच्या पाणवठ्यावरच्या गणनेची तयारी, सगळे मचाणांच्या मागे. जूनमध्ये साहेबांची बदली. नवे साहेब रुजू झाले तोवर वृक्षलागवडीचं उद्दिष्ट डोक्यावर, आणि जुलैत त्या कार्यालयात खड्डे आणि रोपं सोडून दुसरा विषय नव्हता. तुम्हाला यादी द्यायची असेल तर हिवाळ्यात द्या. सर्वेक्षण संपायची वाटही पाहू नका, आधीच एक पत्र देऊन ठेवा की अमुक भागात काम चालू आहे, आपला कर्मचारी सोबत द्यावा. त्यांच्या माणसाने डोळ्यांनी पाहिलेल्या प्राण्यावर वाद होत नाही. हे शहाणपण मला नंतर सुचलं.

या काळात कंपनीच्या समन्वयकाचा दर सोमवारी फोन. तो वाईट माणूस नाही, पण एका सोमवारी म्हणाला, “मॅडम, एका तरसासाठी अडलंय सगळं. काढून टाकलं तर?” तरस गेलं तर एक आराखडा कमी, एक खर्च कमी. मी म्हटलं, मग माझी सहीही काढा. पुढचे दोन सोमवार फोन आला नाही आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं.

सुटका झाली ती चहाच्या टपरीवर. मी वैतागून बाकावर बसले होते, शेजारी एक तरुण वनरक्षक. तरसाचं ऐकून तो हसला. “तरस नाही कसं? मागच्या वर्षी मीच पंचनामा केलाय. धनगराच्या दोन शेळ्या नेल्या होत्या. भरपाई पण दिली आपण.”

भरपाई! पशुधन भरपाईच्या यादीत वाघ-बिबट्यासोबत लांडगा आणि तरसही आहे, हे मला पाठ होतं. तरी त्यांच्याच नस्तीत शोधायचं सुचलं नव्हतं. ज्या कार्यालयाच्या लेखी तिथे तरस नव्हतं, त्यानेच तरसाच्या नावावर पैसे चुकते केले होते. मी पंचनाम्याचा क्रमांक घालून नवं पत्र दिलं, सोबत दुरुस्तीच्या राजपत्राची प्रत, तरसाच्या ओळीवर पिवळी खूण. नव्या साहेबांनी ते दहा मिनिटांत वाचलं आणि सही केली. दहा मिनिटं!

एक राहिलंच: धनगरांना पहिल्याच दिवशी विचारा. मी त्यांना भेटले अकराव्या दिवशी, तेही पाणी मागायला.

दुसरी खंत मोठी आहे. नियमाप्रमाणे एका ऋतूचा अभ्यास पुरतो, आणि तो पावसाळा सोडून. तणमोर हा गवताळ माळावरचा पक्षी उड्या मारत माद्यांना बोलावतो तो नेमका पावसाळ्यात. माझ्या यादीत तो नाही. तो तिथे नाही असं याचा अर्थ होत नाही, हे वाक्य मी अहवालात घातलं आणि दोनदा खोडलं गेल्यावर तिसऱ्यांदा टिकवलं.

खाणीला पर्यावरण मंजुरी द्यायची का हे तपासणाऱ्या मूल्यांकन समितीच्या बैठकीत चाळीस मिनिटं धुळीवर आणि पाणी फवारणीवर गेली. प्रमाणित यादीवर एकच प्रश्न आला: “सही कोणत्या पानावर आहे?”