घुमटासाठी तिरकी झालेली इमारत

लंडनच्या रिचमंड पार्कात किंग हेन्रीज माउंड नावाचं एक टेकाड आहे. तिथल्या हॉलीच्या झुडपांच्या कुंपणात मुद्दाम एक भोक राखलंय आणि समोर दुर्बीण बसवलीय. डोळा लावला की दहा मैलांवरचा सेंट पॉल कॅथीड्रलचा घुमट दिसतो. मागच्या रविवारी माझ्या पुढे एक आजोबा होते. दुर्बिणीतून डोळा काढत ते वैतागून म्हणाले, "पार वाट लावली!" घुमटाच्या मागे स्ट्रॅटफर्डचा ४२ मजली टॉवर डोकावतो, हे त्यांचं दुखणं. २०१६ मध्ये तो वर येताना दिसला तेव्हा इथल्या पेपरांतही बराच गहजब झाला होता.

मला आधी हसूच आलं. दहा मैल म्हणजे जवळपास सीएसएमटी ते कुर्ला. कुर्ल्याच्या पुलावरून सीएसएमटीचा घुमट नीट दिसत नाही अशी तक्रार घेऊन कुणी महापालिकेत गेलं तर शिपाई त्याला चहा पाजून परत पाठवेल. पण घरी येताना ट्रेनमध्ये हसू ओसरलं आणि चक्क हेवा वाटायला लागला.

कारण ही माणसं हे सगळं १९३७ पासून करतायत. त्याआधी फॅरडे बिल्डिंग नावाचं टेलिफोन एक्स्चेंज उभं राहिलं आणि नदीवरून दिसणारा घुमट झाकला गेला. तेव्हा कॅथीड्रलची देखभाल पाहणाऱ्या गॉडफ्रे ॲलन यांनी आसपासच्या इमारतींच्या उंचीचा हिशेब मांडला आणि तो पाळायचं ठरलं. आता नकाशावर दृष्टिरेषांचे पट्टेच आखलेले आहेत. त्या पट्ट्यात जमिनीचा भाव काहीही असो, इमारत ठरलेल्या उंचीवर थांबते. म्हणून तर सगळे टॉवर पूर्वेला एका कोपऱ्यात दाटीवाटीने उभे आहेत, आठ बावन्नच्या लोकलच्या डब्यात उभं राहिल्यासारखे. त्यातला २२५ मीटरचा लेडनहॉल टॉवर, ज्याला सगळे चीजग्रेटर म्हणतात, एका बाजूने उतरता आहे. उगाच स्टाईल म्हणून नाही. फ्लीट स्ट्रीटवरून बघताना तो घुमटाच्या मागे येऊ नये म्हणून अंग चोरून उभा आहे. तीनशे वर्षांच्या घुमटासाठी बिल्डरने वरच्या मजल्यांची जागा सोडली! मी तर लालबागचा. सोडलेली जागा हा शब्दप्रयोग आमच्याकडे फक्त पार्किंगच्या भांडणात ऐकलाय.

माझं ऑफिस याच टॉवरांच्या गर्दीत आहे, त्यामुळे दुपारचा माझा उद्योग म्हणजे बांधकामाच्या साइट बघणं. भोवतीच्या पत्र्यांना चौकोनी खिडक्या ठेवलेल्या असतात, एक तर पोरांच्या उंचीवर. आपल्याकडे २०२३ मध्ये धुळीसाठी पालिकेने मोठ्या साइटभोवती ३५ फुटी पत्रे सक्तीचे केले. ते बरोबरच होतं, पण आतलं काही दिसायची सोय नाही. इथल्या क्रेनचा हात आडवा न राहता कोपरातून उचलल्यासारखा वर जातो, कारण शेजाऱ्याच्या डोक्यावरून तो फिरवायचा तर त्याची परवानगी लागते. परवा काचेचा एक अख्खा पॅनेल वर जात होता. खालचा माणूस वायरलेसवर बोलत, एक हात हवेत धरून उभा. काच वाऱ्याने जरा वळली की बोटं मिटायची आणि वर सगळं थांबायचं. हे बघताना डबा थंड होतो.

आता फार डोक्यावर घ्यायलाही नको. याच शहराने वॉकीटॉकी नावाने ओळखली जाणारी इमारत बांधली. आत वळलेली काच, २०१३ च्या उन्हात तिने खाली उभ्या जॅग्वार गाडीचे भाग वितळवले. मग काचेवर सावलीच्या पट्ट्या बसवल्या. त्या इमारतीपायी रस्त्यावर वाराही असा सुटायचा की पुढे २०१९ मध्ये वाऱ्याचे नियम कडक करावे लागले. बिशप्सगेटच्या एका टॉवरचा मधला काँक्रीटचा गाभा २०१२ मध्ये पैशाअभावी सात मजल्यांवर थांबला आणि लोक त्याला ठोकळा म्हणायला लागले. नंतर तिथेच ६२ मजली इमारत झाली. शिवाय डिसेंबर २०२४ मध्ये १ अंडरशाफ्ट या टॉवरला परवानगी मिळाली, लंडनच्या सगळ्यात उंच शार्ड इमारतीइतकाच, ३०९.६ मीटर. मूळ आराखड्यात त्याने आम्ही डबा खातो तो चौकच बराचसा गिळला होता. ओरडा झाल्यावर थोडा मागे सरकला. म्हणजे घुमटासाठी सगळे, बाकड्यासाठी आम्ही.

आणि आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. मलबार हिलच्या कमला नेहरू पार्कातून चौपाटी दिसत राहावी म्हणून खालच्या इमारतींच्या उंचीवर बंधन आहे. ते मलबार हिलला आहे, लालबागला नाही, एवढाच काय तो फरक.

इथले मित्र मुंबईचे फोटो बघून विचारतात, गिरणगावाचं असं का होऊ दिलंत? तेव्हा माझं डोकं फिरतं. या काचेच्या टॉवरांत रात्री कोण असतं? सिक्युरिटी आणि सफाईवाले. आमच्या चाळीच्या जागी दोन विंग आल्या. विकायच्या फ्लॅटची सेल विंग उंच, आम्हा जुन्या भाडेकरूंची रिहॅब विंग तिच्या सावलीत, समोरच्यांच्या स्वयंपाकघरातलं कुकर कुठलं तेही कळतं इतकी जवळ. पण त्यात चाळीतली जुनी बिऱ्हाडं आहेत, आईचा स्वतःचा संडास आहे. पूर्वी तिला गुडघे धरत गॅलरीच्या टोकाला जावं लागायचं. संमतिपत्रावर सही करताना गिरणीची चिमणी दिसणार नाही हे मला माहीत होतं. आई म्हणाली, "चिमणी बघून काय करू? सही कर आणि जेवायला बस."