अठरा मिनिटं चाळीस सेकंदांचा उत्तररंग

"तेवीस मिनिटांचं गाणं? आपल्याकडं कोण ऐकणार?" रेडिओवर रॉकचा तास करायचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. विचारणारा बहुतेक वेळा गावच्या सप्ताहात दोन तास जागचं न हलता कीर्तन ऐकून आलेला असतो. मराठवाड्याला लांबलचक ऐकायची सवय नव्यानं लावायची गरज नाही. अडचण आहे ती परक्या भाषेची आणि अनोळखी वाद्यांची. म्हणून क्लासिक आणि प्रोग्रेसिव्ह (लांब, भागाभागांत बांधलेल्या) रॉकचा तास बांधताना एफएमच्या ठरीव साच्यापेक्षा कीर्तनाचा घाट जास्त कामाला येतो. सप्ताहातलं वारकरी कीर्तन एका अभंगावर उभं असतं. इथे हवा तो नारदीय घाट: नमन, पूर्वरंग, मध्ये गजर आणि मग उत्तररंगात आख्यान. आख्यान म्हणजे ते लांब गाणं. बाकीची गाणी त्याच्या वाटेवरचे मुक्काम.

गाण्यांना ही लांबी दिली ती तबकडीनं. ३३⅓ फेऱ्यांच्या एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं सुखानं मावतात. त्याहून जास्त कोंबली की खाचा एकमेकींना खेटतात, मग आवाजाची पातळी उतरवावी लागते आणि खरखर वर येते. १९७० नंतरच्या बँडांनी ही बाजू म्हणजे कोरं पान धरलं. पिंक फ्लॉइडच्या 'मेडल'ची (१९७१) अख्खी दुसरी बाजू 'एकोज' या एकाच गाण्याची, साडेतेवीस मिनिटांची. जेथ्रो टलचं 'थिक ॲज अ ब्रिक' (१९७२) दोन्ही बाजू व्यापून उरतं, मधे फक्त तबकडी उलटण्यापुरतं थांबतं. रेडिओचा तास मात्र साठ मिनिटांचाच, आणि त्यात जाहिरातींचाही वाटा असतो.

उदाहरणादाखल एक तास बांधू. दिवस पोळ्याच्या आदला, खांदेमळणीचा. वेळ रात्री नऊ ते दहा. आख्यानाला येस या बँडचं 'क्लोज टू द एज' (१९७२), अठरा मिनिटं चाळीस सेकंद. पूर्वरंगात जेथ्रो टलचं 'लिव्हिंग इन द पास्ट' ३:२०, डीप पर्पलचं 'स्मोक ऑन द वॉटर' ५:४०, पिंक फ्लॉइडचं 'मनी' ६:२० आणि पुन्हा जेथ्रो टल, 'हेवी हॉर्सेस' ८:५५. शेवटी निरोपाआधी जेनेसिसचं 'होरायझन्स', नुसती गिटार, १:४०. बेरीज ४४:३५. जाहिराती आणि स्टेशनची ओळख मिळून सहा मिनिटं, बोलणं आठ मिनिटं. झाले ५८:३५. उरतं एक मिनिट पंचवीस सेकंद. हे आकडे जवळपासचे आहेत. एकाच गाण्याच्या दोन आवृत्त्यांत दहा-पंधरा सेकंदांचा फरक सहज पडतो, म्हणून आपल्या हातातली फाईल मोजून घ्यायची, पाकिटावरचा आकडा धरायचा नाही.

मग उलटी मोजणी. दहा वाजता थांबायचं. निरोप ०:४५, 'होरायझन्स' १:४०, आख्यानानंतरचं बोलणं १:००, आख्यान १८:४०. एकूण २२:०५. म्हणजे 'क्लोज टू द एज' ९ वाजून ३७ मिनिटं ५५ सेकंदांनी सुरू झालंच पाहिजे. हा आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कन्सोलसमोर (आवाज कमीजास्त करायच्या टेबलासमोर) चिकटवायचा. आख्यानात जाहिरात घालता येत नाही, त्यामुळे सहाच्या सहा मिनिटं त्याआधीच उरकायची. दोन-दोन मिनिटांचे तीन घास बरे पडतात. मागे पडलोच तर पहिला बळी 'मनी'. आख्यान मधेच तोडायचं नाही, ते तोडण्यापेक्षा न लावलेलं चांगलं. येसच्याच 'राउंडअबाउट'चं साडेआठ मिनिटांवरून साडेतीनवर आणलेलं रूप सिंगल म्हणून निघालं होतं. ते ऐकताना नवस फेडायला देवीच्या दारी जाऊन पायरीवरूनच परत फिरल्यासारखं वाटतं.

एका तासात एकाच बँडची दोन गाणी हा एरवी दोष. इथे तो जाणूनबुजून केलेला आहे. जेथ्रो टलच्या इयन अँडरसनची बासरी हे या सगळ्या गोंगाटात आपल्या कानाला ओळखीचं एकमेव वाद्य. पहिल्या गाण्यात ती एकदा कानावरून गेली की पंचवीस मिनिटांनी 'हेवी हॉर्सेस'मध्ये ती पाहुणी राहत नाही. शिवाय 'लिव्हिंग इन द पास्ट' पाच मात्रांत चालतं, झपतालाच्या दहाच्या निम्म्या. 'मनी' सातांत. त्याच्या सुरुवातीला नाणी, गल्ला आणि फाटणारा कागद यांचे आवाज टेपच्या तुकड्यांतून जोडून त्याचं आवर्तन केलेलं आहे. रूपक तालाला मान डोलावणाऱ्यानं तिथे बोटं मोजून पाहावीत. सॅक्सोफोनही सातांतच वाजतो, गिटार पुढे आली की चाल चारांवर येते आणि पाय आपोआप हलायला लागतो. निवेदकानं एवढंच सांगावं: "सात मोजा, चार कधी होतात ते ओळखा." ऐकणाऱ्याला काम दिलं की तो पुढच्या लांब गाण्यालाही टिकतो. गजर करतात तो यासाठीच.

बोलायचे शब्द आधी लिहून काढावेत. मराठीत स्वच्छ, न धापता बोलायचं तर मिनिटाला सव्वाशे शब्द होतात, म्हणजे चाळीस सेकंदांत ऐंशी-पंच्याऐंशी. तेवढ्यात 'स्मोक ऑन द वॉटर'ची हकिगत बसते: डिसेंबर १९७१, स्वित्झर्लंडमधलं माँत्रो, फ्रँक झापाच्या कार्यक्रमात कुणीतरी उडवलेल्या फ्लेअरनं, म्हणजे इशाऱ्याच्या पेटत्या गोळ्यानं, कॅसिनो जळाला आणि धूर तळ्यावर पसरला. तिथे रेकॉर्डिंगसाठी आलेल्या डीप पर्पलनं त्याचंच गाणं केलं. यापुढे गिटारिस्टचा जन्म, अल्बमचा खप वगैरे सांगायला लागलं की ऐकणारा चॅनल बदलतो.

जेथ्रो टल हे नाव मात्र आपल्या भागात सोडून देण्यासारखं नाही. हा टल बँडमधला कुणी नव्हे, जुना इंग्रज शेतीतज्ज्ञ. १७०१च्या सुमारास त्यानं घोड्यानं ओढायचं पेरणीयंत्र केलं. रॉक बँडला तिकडच्या पाभरवाल्याचं नाव आहे, हे तिफण धरलेल्या माणसाला एका वाक्यात पोचतं. 'हेवी हॉर्सेस' (१९७८) तर यंत्रांनी कामावरून उठवलेल्या शेतातल्या घोड्यांवरच आहे. गाण्यात सफोक, क्लाइड्सडेल, पर्शेरॉन, शायर अशी त्यांच्या जातींची नावं येतात. निवेदनात ती नावं आणि त्यामागून देवणी, लाल कंधारी एवढं म्हटलं तरी पुरे. गाण्याच्या ओळींचं भाषांतर करत बसू नये. ना इंग्रजी राहतं, ना मराठी होतं.

आता फायली. इंटरनेटवरच्या व्हिडिओतून उतरवलेलं १२८ केबीपीएसचं एमपीथ्री फोनवर चालून जातं, रेडिओवर उघडं पडतं. एफएमवर १५ किलोहर्ट्झच्या वरचं काही जातच नाही, मग काय फरक पडतो, असा वाद घालणारे भेटतात. प्रश्न वरच्या सुरांचा नाही. दाबलेल्या फाईलमधली झांज मुळातच पाण्यात बुडवल्यासारखी सळसळते आणि ट्रान्समीटरआधीचा, आवाजाची पातळी आपोआप सारखी ठेवणारा प्रोसेसर ती सळसळ आणखी वर काढतो. म्हणून सीडीवरून काढलेली, आवाजातलं काही न गाळणारी डब्ल्यूएव्ही किंवा एफएलएसी फाईल घ्यावी. जिथे एक गाणं दुसऱ्यात मिसळतं, तिथे तर एमपीथ्री नकोच. पिंक फ्लॉइडच्या 'डार्क साइड ऑफ द मून' या अल्बममधली दोन गाणी लागोपाठ लावली तर एमपीथ्रीनं कडेला जोडलेल्या सूक्ष्म शांततेमुळे सांध्यावर ठेच लागते. आणि 'रिमास्टर' (जुन्या रेकॉर्डिंगवर नव्यानं हात फिरवलेली आवृत्ती) या शब्दाला भुलू नये. काही रिमास्टर आवृत्त्यांत हळू आणि मोठा यांतला फरकच दाबून टाकलेला असतो, आणि हे संगीत उभं आहे ते त्या फरकावर.

त्या फरकाचाच सगळ्यात मोठा त्रासही होतो. 'क्लोज टू द एज' पक्ष्यांच्या किलबिलाटानं आणि वाहत्या पाण्यानं सुरू होतं. जवळपास मिनिटभर आवाज हळूहळू चढतो आणि मग सगळा बँड एकदम कोसळतो. प्रोसेसरला यातलं काही कळत नाही. त्याला वाटतं निवेदक माइकपासून लांब सरकला. तो पक्ष्यांचा आवाज ओढून ओढून वर आणतो, सोबत खरखरही आणतो, आणि बँड आला की घाबरून सगळंच दाबतो. पहिले दोन-तीन सेकंद गिळल्यासारखे येतात. यावर उपाय हातानं करायचा. एडिटिंगमध्ये सुरुवातीचा भाग तीन-चार डेसिबलनं उचलायचा आणि बँड येण्याआधीच्या दहा सेकंदांत ती उचल हळूच काढून घ्यायची. पूर्ण फाईल 'नॉर्मलाइज' करून हे जमत नाही, कारण तिथे सगळंच सारखं उचललं जातं. आणि पक्ष्यांवर बोलायचं नाही. गायक सुरू होईपर्यंतच्या मोकळ्या जागेत बोलून घ्यायची एफएमची खोड इथे विसरावी. पिंक फ्लॉइडच्या 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'मध्ये ती मोकळी जागा आठ मिनिटांहून मोठी आहे.

दुसरा शत्रू सायलेन्स अलार्म. ठरावीक सेकंद आवाज ठरावीक पातळीखाली गेला की ऑटोमेशनला (गाणी आपोआप लावणाऱ्या यंत्रणेला) वाटतं प्रसारण बंद पडलं, आणि ते राखीव गाणं लावून मोकळं होतं. किंग क्रिम्सनच्या १९६९च्या पहिल्या अल्बममधलं 'मूनचाइल्ड' बारा मिनिटांचं आहे. सुरुवातीचं गाणं संपलं की पुढे कितीतरी वेळ नुसती कुजबुज, मधेच एखादा सूर. अशा वेळी मधूनच लावणी लागली तर दोष यंत्राचा नाही. अलार्मची मुदत तीस सेकंदांपर्यंत वाढवावी, नाही तर तेवढ्यापुरता बंद करून ड्यूटीवरच्या माणसाला तसं सांगून ठेवावं. सांगायचं विसरलं तर तो धावत स्टुडिओत येतोच.

कम्युनिटी रेडिओ असेल तर पोच लक्षात ठेवावी. शंभर वॉटच्या मर्यादेत दहा-पंधरा किलोमीटर. काठावरच्या गावात स्टिरिओ आधी खरखरतो, कारण त्याला मोनोपेक्षा बराच सशक्त सिग्नल लागतो. पुष्कळ रेडिओ तिथे गुपचूप मोनोवर येतात. दोन बाजूंना उलट्या फेजमध्ये (एकीकडे लाट वर, तेव्हा दुसरीकडे खाली) असलेला सूर मोनोत स्वतःशीच वजा होतो आणि गाण्यातलं एखादं वाद्य चक्क गायब होतं. म्हणून प्रत्येक फाईल एकदा कन्सोलचं मोनो बटण दाबून, शक्यतो एकाच छोट्या स्पीकरवर ऐकावी. उलट वसतिगृहातला विद्यार्थी मोबाइलवर ऐकतो. तिथे इअरफोनची वायरच अँटेना असते, म्हणजे तो आपसूक स्टिरिओत आणि कानाला लावून ऐकतो. दोघांचंही जमवायचं तर कमरेला रेडिओ अडकवून शेतात उभा असलेल्याचा विचार आधी करावा. इअरफोनवाल्याचं फार बिघडत नाही.

आणि लाइट. पोळ्याच्या सुमारास पाऊस, विजांचा कडकडाट आणि लाइटचा लपंडाव हे सगळं एकत्र येतं. जनरेटर सुरू होईपर्यंतचे दहा-वीस सेकंद यूपीएसवर निघतात, पण यूपीएसची बॅटरी म्हातारी असेल तर संगणक क्षणात बंद पडून पुन्हा उठायला दोन-तीन मिनिटं घेतो. त्यासाठी आख्यान दुसऱ्या प्लेअरमध्ये, साध्या पेनड्राइव्हवर का होईना, भरून ठेवावं आणि जागा लिहून ठेवाव्यात. 'क्लोज टू द एज'चे चार भाग आहेत. तिसरा, संथ भाग साडेआठ मिनिटांच्या आसपास सुरू होतो, पुढे त्यात चर्चचा ऑर्गन उसळतो. चौथा साधारण चौदा मिनिटांवर. अकराव्या मिनिटाला लाइट गेली तर पहिल्यापासून लावू नये, वेळ पुरत नाही. आणि अकराव्या मिनिटावरूनही नको, ऐकणारा वाक्याच्या मध्यात पडतो. साडेआठवर जावं, दोन वाक्यांत कारण सांगावं. अडीच-तीन मिनिटं अंगावर येतात. ती 'होरायझन्स' आणि नंतरचं बोलणं यांतून वळती करावीत.

गाणं जिथून सुरू झालं तिथेच, पाणी आणि पक्ष्यांवर, येऊन संपतं. नदीकाठी बसून नदीचं ऐकणाऱ्या माणसाची ही कल्पना हर्मन हेसेच्या 'सिद्धार्थ'वरून सुचलेली. गोदाकाठच्या माणसाला हे आधीच सांगून ठेवलं तर शेवटचं पाणी ऐकताना त्याला वेगळं काही समजवावं लागत नाही. पक्षी थांबल्यावर चार सेकंद गप्प राहायचं, मग माइक उघडायचा. नंतर गिटार, आणि पंचेचाळीस सेकंदांचा निरोप. त्यात दुसरं काही नसलं तरी चालेल, खांदेमळणीला बैलांना देतात ते निमंत्रण असावं: आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.

लॉगवर प्रत्येक गाण्याचं नाव, संगीतकार, कंपनी आणि प्रत्यक्ष वाजलेली वेळ त्याच रात्री भरावी; रॉयल्टीचा हिशेब त्यावरून होतो आणि सोमवारी काही आठवत नाही. आणि ते शिल्लक राहिलेलं एक मिनिट पंचवीस सेकंद? ते नऊ वाजून वीस मिनिटांच्या सुमारास कुठल्यातरी बियाण्याच्या जाहिरातीनं खाल्लेलं असतं.