बारावा दिवस: २७ मुलं, २४ नावं

सकाळी सव्वासातला दोन याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. वर्ग एकच, कॉलेजच्या इंग्लिश १३०१ या विषयाचा. खोली तीच, शिक्षिका त्याच. हायस्कूलच्या यादीत २७ नावं होती आणि कॉलेजच्या यादीत २४.

मी टेक्सासमधल्या एका अर्ली कॉलेज हायस्कूलमध्ये समन्वयाचं काम करते. इथली मुलं हायस्कूल करता करताच कम्युनिटी कॉलेजचे विषय घेतात. बारावी होईपर्यंत ६० क्रेडिट (विषय पूर्ण केल्यावर मिळणारी एककं), म्हणजे असोसिएट ही दोन वर्षांची डिग्री, पदरात पडू शकते आणि फीचा भार घरच्यांवर येत नाही. पण मूल एक असलं तरी त्याची नोंद दोन संस्थांत असते, आणि त्या नोंदी आपोआप जुळत नाहीत. हायस्कूलचं वेळापत्रक हायस्कूलची संगणकप्रणाली बनवते, कॉलेजची नोंदणी कॉलेजची. त्यामुळे एखादी मुलगी रोज वर्गात बसते, निबंध लिहिते आणि कॉलेजच्या लेखी ती अस्तित्वातच नसते.

त्या दिवशी सत्राचा बारावा दिवस होता. १६ आठवड्यांच्या सत्रात कॉलेजची अधिकृत मोजणी याच दिवशी होते. सोमवारी सत्र सुरू झालं, मधे लेबर डेची सुट्टी आली, म्हणून बारावा दिवस बुधवारी पडला. त्या दिवसापर्यंत विषय सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रकावर, खूण राहत नाही, नंतर सोडला तर ‘डब्ल्यू’ (विषय मधेच सोडल्याची खूण) लागतो. आणि ज्याचं नाव त्या दिवशी पटावर नाही, त्याला मागाहून घालायचं तर अर्ज-विनंत्यांचा डोंगर. माझ्या हातात पाच वाजेपर्यंतचा वेळ होता.

तिघांपैकी एकाचं काम दहा मिनिटांत झालं. त्याच्या खात्यावर फीमाफीचा कोड पडलाच नव्हता, म्हणून पैसे न भरलेल्यांच्या यादीत जाऊन त्याची नोंदणी रद्द झाली होती. फी विभागाला फोन केला, कोड पडला, जागा शिल्लक होती, नाव परत आलं.

दुसऱ्या मुलानं पहिल्या निबंधात कमी गुण पाहून रात्री स्वतःच पोर्टलवरून विषय सोडला होता आणि कोणाला सांगितलं नव्हतं. त्याला आधी सांगितलं की वेळेत सोडलास, हे बरं झालं. आठवडाभरानं सोडला असता तर डब्ल्यू लागला असता, आणि डब्ल्यू म्हणजे घेतलेलं पण पूर्ण न केलेलं क्रेडिट. पुढे कॉलेजात सरकारी आर्थिक मदत टिकवायची तर साधारणपणे घेतलेल्यापैकी ६७ टक्के क्रेडिट पूर्ण झालेली लागतात. १२ घेतली आणि ९ पूर्ण केली तर ७५ टक्के, निभावतं. ६ च झाली तर ५० टक्के, आणि मदत धोक्यात. सोळाव्या वर्षी घेतलेल्या विषयाचाही हिशेब त्यात धरला जातो, हे मुलांना कोणी सांगत नाही. पण त्याचं काम तेवढ्यानं संपलं नाही. आमच्याकडे इंग्लिश १३०१ मधून हायस्कूलचं इंग्रजीचं अर्धं क्रेडिटही मिळतं. त्याला हायस्कूलच्या इंग्रजीच्या वर्गात बसवलं नसतं, तर ते क्रेडिट बारावीला कमी भरलं असतं.

तिसरी अकरावीतली मराठी मुलगी. शिक्षिकेला विचारलं तर म्हणाल्या, “तिला कॅनव्हासवर, म्हणजे गृहपाठ आणि गुणांच्या ऑनलाइन प्रणालीवर, हा विषय दिसतच नाही. पासवर्डची भानगड असेल म्हणून मी कागद देत होते.” त्यांच्या निळ्या फाइलमध्ये तिचे दोन्ही गृहपाठ होते, शाईनं, सुवाच्य अक्षरात लिहिलेले.

कॉलेजच्या प्रणालीत तिची जन्मतारीख टाकून शोधलं. दोन ओळी आल्या, दोन वेगळे ओळख क्रमांक. पहिली नोंद नववीतली: नाव आणि आडनाव. प्रवेशचाचणीचे गुण तिच्यावर होते, इंग्रजीत ९५१ आणि निबंधाला ५ (लागतात किमान ९४५ आणि ५). दहावीत पूर्ण केलेली ३ क्रेडिटही त्याच नोंदीवर. मधे एक सत्र कॉलेजचा विषय घेतला नाही म्हणून या उन्हाळ्यात अर्ज पुन्हा भरावा लागला. तो घरच्यांनी पासपोर्ट समोर ठेवून भरला, आणि आपल्या पासपोर्टात ‘दिलेलं नाव’ या रकान्यात मुलीच्या नावापुढे वडिलांचंही नाव असतं. मुलगी एच-४ व्हिसावर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा), त्यामुळे सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक, नाही. तो नसला की जुळवणी नाव आणि जन्मतारखेवर होते. नाव वेगळं दिसलं, प्रणालीनं नवी व्यक्ती तयार केली. नव्या नोंदीवर चाचणीचे गुण नाहीत म्हणून नोंदणी नाकारली गेली. त्रुटींच्या अहवालात तशी ओळ होती, ती कोणी वाचली नाही.

घाईत गुण नव्या क्रमांकावर चढवून तिथेच नोंदणी करावीशी वाटते. ते करू नये. ३ क्रेडिट एका ट्रान्सक्रिप्टवर आणि पुढची दुसऱ्यावर गेली, की डिग्री तपासताना बेरीज जमत नाही. जिथे क्रेडिट आहेत तोच क्रमांक ठेवायचा, या सत्रासाठी तो पुन्हा चालू करून घ्यायचा आणि दुसऱ्यावर ‘वापरू नये’ असा शेरा मारून घ्यायचा.

मुलीच्या आईंचा फोन आला. “ताई, मी कॉलेजला दोनदा विचारलं, मला काहीच सांगेनात. आणि पासपोर्टवर आहे तसंच लिहिलं हो आम्ही.”

“तुमचं काही चुकलं नाही,” मी म्हटलं. “पण कॉलेजच्या नोंदीवर हक्क मुलीचा, ती सोळाची असली तरी. तिनंच बोलायला हवं.”

मग ती माझ्या टेबलाशी बसून स्पीकरवर बोलली. वडिलांच्या नावाचं एकेक अक्षर सावकाश सांगितलं, कोणती नोंद ठेवायची तेही स्वतः सांगितलं. आवाज आधी कापत होता, नंतर स्थिर झाला. माहिती घरच्यांना द्यायला हरकत नाही या फॉर्मवर तिनं त्याच बैठकीत सही केली. आईंना मी एवढंच सांगितलं: शाळा, चाचणी आणि अर्ज या तिन्ही ठिकाणी नाव अक्षरन् अक्षर सारखं लिहा, ओळख क्रमांक फोनमध्ये जपून ठेवा, आणि सत्राच्या तिसऱ्या दिवसापर्यंत कॅनव्हासवर विषय दिसला नाही तर नोंदणी झालेली नाही असंच समजून मला फोन करा.

तीन चाळीसला तिच्या पडद्यावर इंग्लिश १३०१ चा चौकोन आला. दोन्ही गृहपाठांपुढे ‘सादर केलेला नाही’ असं लाल अक्षरात होतं. शिक्षिकेनं निळी फाइल उघडली आणि गुण भरायला घेतले. मी याद्या पुन्हा छापल्या: हायस्कूल २६, कॉलेज २६. दोन नोंदी एक करण्याची विनंती अजून रजिस्ट्रारच्या, म्हणजे कॉलेजच्या नोंदी सांभाळणाऱ्या कार्यालयाच्या, रांगेत आहे. ती पुढच्या सोमवारी पुन्हा तपासायची, असं तिच्या नावापुढे लिहून ठेवलं.